एवढं वळण झालं की

माझ्या बायकोने चौदा वर्षं माझ्या शेजारी बसून एकही घाट पार केलेला नव्हता. यावरून आमच्या घरात कधी भांडण झालं नाही. एखाद्या घरात कुणाला वांगं चालत नाही, तसा आमच्या घरात मी घाटात चालत नव्हतो.

अडचण एवढीच की माझं गाव रत्नागिरीच्या बाजूला, तिचं माहेर कोल्हापूरजवळ, आणि मधे आंबा घाट. दर जुलैत सुट्टी मिळाली की बहरीनच्या विमानतळावर आम्ही एकत्र जायचो, मुंबईला एकत्र उतरायचो, आणि तिथून काडीमोड झाल्यासारखे दोन दिशांना लागायचो. ती मुलीला घेऊन कोल्हापूरच्या गाडीत, मी कोकणच्या. दहा-बारा दिवसांनी ती एसटीने घाट उतरून यायची आणि मी तिला घ्यायला स्टँडवर उभा. भाऊ विचारायचा, गाडी आहे दारात, वर का जात नाहीस रे सासऱ्यांकडे? मी सांगायचो, वळणांनी माझी पाठ धरते. पाठ बिचारी काही बोलायची नाही.

खरं कारण असं. मुलगी दीड वर्षाची असताना भावाची गाडी घेऊन मी दोघींना कोल्हापूरला सोडायला निघालो होतो. अर्ध्या घाटात बायको म्हणाली, थांबा, हिला उलटी होणार आहे. मी म्हणालो, एवढं वळण झालं की थांबतो. घाटात वळणानंतर वळणच असतं हे मला शाळेत असल्यापासून माहीत होतं. पण नुकताच एका ट्रकला मोठ्या कर्तबगारीने मागे टाकलं होतं, आणि थांबलो तर तो पुन्हा पुढे जाणार होता. तिसऱ्या वळणावर समोरून टँकर आला, रस्त्याच्या मधोमध. मी गाडी बाजूला घेतली. डावं चाक रस्ता सोडून गवतात गेलं, आणि गवताच्या पलीकडे काही नव्हतं.

कुणाला खरचटलंही नाही. मुलीने उलटी केली, ती तशीही करणारच होती. बायको उतरली, मुलीला कडेवर घेतलं आणि मागून आलेल्या कोल्हापूर एसटीला हात केला. एसटी थांबली. उरलेला घाट मी त्या एसटीच्या मागे, तिचा धूर खात चढलो. मागच्या काचेतून कुणा म्हातारीच्या मांडीवर उभी राहून माझी मुलगी मला टाटा करत होती.

तेव्हापासून ही सोय.

बहरीनमध्ये या सोयीची कधी आठवणही यायची नाही, कारण या देशात घाट नाही. डोंगर म्हणून जो आहे त्याला आमच्या रत्नागिरीत कुणी नाव ठेवलं नसतं, म्हणजे दोन्ही अर्थांनी. चढ म्हणजे फ्लायओव्हर. नदी नाहीच. वाहतं पाणी बघायचं तर उन्हाळ्यात एसीच्या नळीतून फुटपाथवर येणारी धार बघायची. अशा सपाट जमिनीवर मी वीस वर्षं उत्तम ड्रायव्हर म्हणून वावरलो.

पन्नाशीला टेकलेल्या माणसाला काही ना काही होतंच. आमच्या ओळखीत एकाला सायकल झाली, एकाला मॅरेथॉन झाली. मला ट्रेलर झाला. मागच्या वर्षी फोनवर मी असे व्हिडिओ बघायला लागलो, ज्यांत कुणी एक बाप गाडीमागे छोटंसं पांढरं घर जोडून नदीकाठच्या डोंगरी रस्त्यावरून चाललेला असतो. घरात दोन पलंग, एक शेगडी, खिडकीला पडदा. बापाच्या चेहऱ्यावर अशी शांती की त्याने कधी इन्कम टॅक्स भरला नसावा. एका रात्री जेवताना मी जाहीर केलं की येत्या जुलैत आठवडाभर आपण तुर्कस्तानात जाऊ, डोंगरातल्या एका गावात ट्रेलर भाड्याने घेऊ, आणि नदीच्या सोबतीने खाली काळ्या समुद्रापर्यंत उतरू. नदीचं नावही सांगितलं. ते माझ्या जिभेवर तेव्हाही बसलं नाही आणि आजही बसत नाही.

मुलगी आता साडेपंधरा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. ती म्हणाली, "बाबा, यू कान्ट ईव्हन रिव्हर्स इन अवर पार्किंग." हे खरं होतं. उम्म अल हस्समच्या आमच्या इमारतीखाली एक खांब आहे, त्यावर आमच्या गाडीचा पांढरा रंग कमरेच्या उंचीला कायमचा लागलेला आहे.

बायको काही बोलली नाही. ती कोल्हापूरकडची, ऊस पिकवणाऱ्या घरातली. तिचं गप्प राहणं म्हणजे नकार नसतो, ती गुऱ्हाळासारखं आधी आटवते आणि मग ओतते. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर चहा ठेवून म्हणाली, "आबा दर वर्षी विचारतात, जावई वर का येत नाहीत म्हणून. मी किती वर्षं तुमची पाठ पुढं करू? आता त्यांच्याच्यानं खाली येणं होत नाही."

मी म्हणालो, म्हणूनच तर. आधी तिकडे सराव होईल.

"मी बसते तुमच्या शेजारी. पण मी 'थांबा' म्हटलं की थांबायचं. कारण विचारायचं नाही. वळण संपायची वाट बघायची नाही. हे जमलं तर पुढल्या वर्षी आबांकडं तुमच्या गाडीतून जाऊ. नाही जमलं तर हा विषय खलास."

मी लगेच कबूल झालो. थांबणं ही माझ्या मते जगातली सगळ्यात सोपी गोष्ट होती.

ट्रेलर ओढायला शिकवलं माझ्या ऑफिसातल्या एका बहरीनी सहकाऱ्याने. तो बुदैयाला राहतो. हिवाळ्यात इथले लोक साखीरच्या वाळवंटात तंबू ठोकून महिना-महिना राहतात, तसा तोही जातो, आणि जाताना आपला कॅरॅव्हॅन गाडीमागे ओढत नेतो. मला तो 'मुहंदिस' म्हणतो, म्हणजे इंजिनियर. आधी हे आदराने म्हणायचा. जानेवारीतल्या तीन शुक्रवारच्या सकाळी त्याने मला वाळवंटात शिकवलं, आणि तिसऱ्या शुक्रवारपर्यंत तोच शब्द तो धीर द्यायला वापरू लागला होता.

त्याने पाण्याच्या रिकाम्या बाटल्या वाळूत रांगेने उभ्या करून माझ्यासाठी एक घाट तयार केला. त्या घाटात मी कितीतरी वेळा दरीत गेलो. पुढे जाताना ठीक चालायचं. मागे घेताना मात्र मी डावीकडे वळवावं तर कॅरॅव्हॅन उजवीकडे जायचा, आमच्या घरातल्या इतर सगळ्यांसारखाच. तो खिडकीशी चालत सांगायचा, हात स्टिअरिंगच्या तळाला धर, शेपूट जिकडे हवं तिकडे हात ने, शवय शवय, म्हणजे हळूहळू. बायको घडीच्या खुर्चीवर बसून त्याच्या घरून आलेला केशराचा चहा पीत बघायची. मुलगी पडलेल्या बाटल्या मोजायची. पुढे पुढे तिने उभ्या राहिलेल्या मोजायला सुरुवात केली, ते सोपं पडायचं.

बायकोने मधेच दोन-तीनदा 'थांबा' म्हणून बघितलं. वाळवंटात मी जागच्या जागी थांबलो. मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही, वळण बाटल्यांचं. शंभरपैकी शंभर.

त्या सहकाऱ्याने मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती, आणि तीच तेवढी मी मनापासून उचलली. निघायच्या आधी पाणी. टाकी काठोकाठ भरायची, वर बाटल्या घ्यायच्या. वाळवंटात माणूस बाकी सगळं मागून घेऊ शकतो, पाणी मागायला शेजारी असावा लागतो. वीस वर्षं या देशात पाणी मी विकतच घेतलंय, मोठ्या निळ्या बाटल्यांत, खांद्यावर वाहून. त्यामुळे हे मला नुसतं पटलं नाही, ते माझ्या अंगातच होतं.

जुलैत आम्ही तुर्कस्तानातल्या त्या डोंगरी गावात पोचलो. भाड्याची डिझेल गाडी, तिच्यामागे जोडायचा तो छोटा पांढरा ट्रेलर, अगदी व्हिडिओतल्यासारखा. ट्रेलर देणाऱ्या माणसाने तुर्की भाषेत बरंच काही समजावलं. बोलता बोलता त्याने ट्रेलरच्या पुढच्या भागावर तीन वेळा थाप मारली आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, तो आपल्या मालाचं कौतुक करतोय. मीही थाप मारली. त्याने खांदे उडवले आणि किल्ली दिली.

मग बायको आणि मुलगी बाजारात गेल्या आणि सामान लावायचं काम मी हाती घेतलं. सामान लावण्याबद्दल मला अहंकार आहे. वीस वर्षं विमानाच्या वजनाच्या मर्यादेत आख्खं कोकण बसवणारा माणूस मी. बॅग अडकवून तोलायचा हाताचा काटा मी बहरीनहून सोबत आणला होता. ट्रेलरच्या मागच्या टोकाला पलंग, त्याखाली लांबलचक कप्पा. मी ठरवलं, जड ते सगळं मागे, डिकीत ठेवतो तसं. तांदूळ, पिठं, कुकर, लोखंडी तवा, बायकोचा कांदा-लसूण मसाला, जो ती परदेशात अर्ध्या किलोच्या खाली नेत नाही. आणि पाणी. टाकी मागेच होती, ती काठोकाठ भरली. शिवाय पाच-पाच लिटरच्या चौदा बाटल्या घेतल्या. सात डावीकडे, सात उजवीकडे. तवा डावीकडे गेला म्हणून कुकर उजवीकडे. प्रत्येक वस्तू काट्यावर अडकवून मी डावं-उजवं असं जुळवलं की देवळातल्या समयांनी लाजावं.

पुढचं-मागचं अशीही एक दिशा असते, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. पंप आणि पाइप यांच्या आयुष्यभराच्या कामात ते कधी लागलं नव्हतं.

बायकोने परत आल्यावर आत डोकावून विचारलं होतं, एवढं सगळं मागं का घातलंय? मी खिशातून पेन काढून टिश्यूवर तिला गुरुत्वमध्य काढून दाखवला. एक चौकोन, दोन चाकं आणि मधे एक बाण. तिने टिश्यू बघितला, मग मला बघितलं, मग टिश्यूने हात पुसले. गाडीत बसली, पट्टा लावला आणि दारावरचं हँडल धरलं.

पहिला तासभर मी आयुष्यात इतका सुखी कधी नव्हतो. पठार होतं, रस्ता सरळ होता. मग डोंगर जवळ आले आणि उजव्या हाताला नदी आली. हिरवट, फेसाळ, मोठमोठ्या दगडांमधून घाई करत उतरणारी. रस्ता तिच्या काठाकाठाने, ती वळेल तसा वळत होता. वर पाइनची झाडं, मधेच लाकडी घर, गवताच्या गंज्या. आरशात माझं छोटं पांढरं घर माझ्या मागोमाग प्रत्येक वळण घेत होतं. माझ्या चेहऱ्यावर ती इन्कम टॅक्सवाली शांती आली असणार, कारण मुलीने मागून माझा फोटो काढला. नंतर बघितला, त्यात मी जांभई देताना दिसतो.

उतार वाढला तसं काहीतरी जाणवायला लागलं. स्टिअरिंग हलकं झालं होतं. इतकं हलकं की गाडी माझं ऐकतेय की नुसती मान डोलावतेय, कळेना. आणि वेग साठच्या वर गेला की मागून कुणीतरी गाडीची शेपटी धरून डावीकडे-उजवीकडे ओढतंय असं वाटायचं. सौम्यपणे, थट्टेत.

"मागचं हलायलंय," बायको म्हणाली. ती तिच्या बाजूच्या आरशात बघत होती.

मी म्हणालो, वारा आहे. दरीत असतो.

ती बाहेरच्या झाडांकडे बघू लागली. एक पान हलत नव्हतं.

माझ्या मागे एव्हाना सात-आठ गाड्या तुंबल्या होत्या. सगळ्यात पुढे एक भाजीचा टेम्पो, तो अधूनमधून हॉर्नने माझी चौकशी करत होता. माझ्यासारख्या माणसाला दरीपेक्षा मागच्या हॉर्नची भीती जास्त. आपल्यामुळे कुणाचा खोळंबा होतोय हे मला सहन होत नाही. घरच्यांचा झाला तर चालतो. म्हणून मी थोडा वेग वाढवला. मागचं घर डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, पुन्हा डावीकडे गेलं, आणि दर वेळी आधीपेक्षा जरा जास्त. आरशात नदी दिसायची, मग ट्रेलर, मग पुन्हा नदी.

"थांबा," बायको म्हणाली.

ओरडली नाही. चहा पिणार का विचारावं तशी म्हणाली. पुढे दोनेकशे मीटरवर रस्त्याकडेला खडीची मोकळी जागा दिसत होती. तिथे जायला ब्लिंकर लावायचा, पाय उचलायचा, बास. आणि त्याच क्षणी टेम्पोने हॉर्न दिला, आणि माझ्या तोंडून शब्द गेले.

"एवढं वळण झालं की—"

वाक्य पुरं झालं नाही, पण तेवढं पुरेसं होतं. चौदा वर्षं, तीन शुक्रवार, एक करार, आणि माझ्या जिभेला अजून तेच वाक्य पाठ होतं. मला वाटलं होतं मी बदललोय. मी फक्त सपाटीवर राहत होतो.

तिने वळूनही बघितलं नाही. तिचे दोन्ही हात आता दारावरच्या हँडलला होते. मुलीने कानातले इअरफोन काढले. गाडीत नदीचा आवाज यायला लागला.

मी पाय उचलला. ब्रेक जोरात दाबू नकोस, स्टिअरिंग सरळ धर, आपोआप शांत होईल, हे बुदैयाच्या त्या भल्या माणसाने सांगितलं होतं. ते आठवलं हे माझं नशीब. मागचं डोलणं एकेक करून कमी झालं. खडीच्या जागेवर मी गाडी घेतली. ट्रेलरचं मागचं टोक थोडं रस्त्यावरच राहिलं. भाजीचा टेम्पो शेजारून जाताना त्याने हॉर्न लांबवला, आणि माझ्यामागची सगळी रांग एकेक करून निघून गेली. त्यांतल्या एकालाही मी परत कधी दिसणार नव्हतो, आणि त्यांच्यासाठी मी माझं घर पणाला लावलं होतं. तेही दोन्ही घरं.

बायको उतरली. मी मान खाली घालून बसलो. मला वाटलं, विषय खलास. आबांना पाठीचं कारण आता त्यांच्या शेवटापर्यंत पुरवायचं. थोड्या वेळाने मुलगी म्हणाली, "बाबा, शी इज अंडर द ट्रेलर."

ती खरंच तिथे होती, जवळजवळ. जिथे ट्रेलर गाडीच्या हुकावर बसतो तिथे गुडघ्यांवर बसून तिने दोन्ही हातांनी ट्रेलरचा दांडा धरला होता आणि वर-खाली करून बघत होती. मी जवळ गेल्यावर न वळता म्हणाली, "हे बघा. बाईमाणसाच्या हातानं उचलतंय. उलाळ झालीया गाडी."

मी विचारलं, म्हणजे काय?

"उसाची गाडी मागं जास्त भरली की उलाळ होती. पुढं जू बैलांच्या मानेवर जरा दाबून बसायला लागतं. मागं भार झाला की जू वर उचलतं, बैलाचे पाय टेकत नाहीत नीट, आणि मागची गाडीच बैलाला हिंडवायला लागती. आबा आम्हाला कानाला धरून शिकवायचे, मोळी आधी पुढं, मग मागं." तिने हात झटकले. "मग बैल कितीबी शिकलेला असू दे."

मी त्या दांड्याला हात लावला. खरंच, एका हाताने उचलला जात होता. गाडीच्या मागच्या चाकांवर जे वजन बसायला हवं होतं ते मीच मागे टाकून दिलं होतं. पदवीला मला यंत्रशास्त्रात डिस्टिंक्शन आहे. ते प्रमाणपत्र उम्म अल हस्समच्या भिंतीवर काचेत लावलेलं आहे, आणि त्या क्षणी ते तिथे होतं हे बरंच होतं.

तिने मागचा कप्पा उघडला. चौदा बाटल्या, सात डावीकडे, सात उजवीकडे, पलटणीसारख्या उभ्या. मागून टाकीचा डुबुक असा आवाज आला. ती बाटल्यांकडे बघत राहिली. मग खाली, वीस पावलांवर, दगडांतून उड्या मारत जाणाऱ्या नदीकडे. मग पुन्हा बाटल्यांकडे.

"बाबा," मुलगी म्हणाली, "वुई आर कॅरीइंग वॉटर. टू अ रिव्हर."

मी सांगायचा प्रयत्न केला की साखीरमध्ये... वाळवंटात पहिला नियम... पण वाक्याला इथे वाळू मिळेना. प्रत्येक दगडातून पाणी गळत होतं. रस्त्याच्या कडेला लाकडी नळातून कुणीतरी वाटसरूंसाठी झराच सोडून दिला होता. खडीच्या जागेवर एक चहाचं छोटं दुकान होतं, त्याच्या ओसरीवर बसलेला म्हातारा मालक आमच्याकडे बघत होता. मी टाकीचा नळ उघडला. बरंच पाणी होतं, बराच वेळ वाहिलं. खडीवरून ओघळत, गवतातून वाट काढत ते नदीकडे गेलं. म्हाताऱ्याने आयुष्यात पुष्कळ पर्यटक बघितले असतील, पण वरून पाणी घेऊन येऊन त्याच्या नदीला घालणारा मी पहिलाच असणार. तो आत गेला आणि तीन छोट्या पेल्यांत चहा घेऊन आला. त्याने माझ्या पाठीवर जो हात ठेवला तो आजारी माणसाच्या पाठीवर ठेवतात तसा होता.

मग बायकोने गाडी भरली. मी उचलायचो, ती सांगायची. तांदूळ आणि पिठं पुढच्या बाकाखाली, कुकर-तवा चाकांच्या वरती जमिनीवर, कपडे आणि उशा मागे. दोन बाटल्या ठेवल्या, बारा रिकाम्या केल्या. दर थोड्या वेळाने ती जाऊन दांडा उचलून बघायची. शेवटी तो तिच्या एका हाताने हलेना, दोन्ही हातांनी जेमतेम हलला. "आता बसलं जू," ती म्हणाली. माझा हातकाटा तिने एकदाही मागितला नाही.

मग आम्ही तिघं गाडीजवळ उभे राहिलो. समुद्र अजून दीड दिवसाच्या वाटेवर होता. मी किल्ली तिच्यापुढे धरली. तिच्याकडे बहरीनचं लायसन आहे, आणि आमच्या पार्किंगमधल्या खांबावर तिचा रंग नाही. मी म्हणालो, मी बोललो ते मला ऐकू आलं. तू चालव, नाहीतर गाडी इथेच ठेवू आणि बसने जाऊ. तू म्हणशील तसं.

ती किल्लीकडे बघत राहिली. "मी चालवली तर आबांना काय सांगू?" ती म्हणाली. "तुमची पाठ बरी झाली, पण आता हात गेले?" आणि माझ्या शेजारच्या जागेवर जाऊन बसली. पट्टा लावला. हँडल धरलं.

गाडी आता गाडीसारखी चालत होती. स्टिअरिंगला वजन आलं होतं, मागचं घर रेषेत येत होतं. मी पन्नासच्या वर गेलो नाही. मागे पुन्हा रांग जमायला लागली.

"थांबा."

रस्त्याकडेला जरा रुंदी होती. मी थांबलो. समोर वरून धबधबा पडत होता. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, छान आहे, चला. रांग पुढे गेली, आम्ही तिच्यामागे निघालो.

"थांबा."

एक बाई मधाच्या बरण्या मांडून बसली होती. बायकोने काचेतूनच बरण्या बघितल्या. चला.

तिसऱ्यांदा ती 'थांबा' म्हणाली तेव्हा तिथे काहीच नव्हतं. एक मैलाचा दगड, एक गाय. मागून हॉर्न सुरू झाले, एक जण मोठ्याने काहीतरी बोलत शेजारून गेला. मी तोंड उघडलं, इथे काय आहे असं विचारायला, आणि परत मिटलं. कारण विचारायचं नाही असं ठरलं होतं. इंजिन घरघरत राहिलं. गाय आमच्याकडे बघत होती. बायको समोर बघत होती, एखादा माणूस नवा नळ बसवल्यावर तो सोडून, बंद करून, पुन्हा सोडून बघतो, तशा चेहऱ्याने. मिनिटभराने म्हणाली, "काही नाही. चला."

"इज धिस गोइंग टू बी ऑल डे?" मुलीने विचारलं.

"गप्प बस," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

पुढचा रस्ता सगळ्यात अरुंद होता. नदी खोल गेली, वळणं एकाला एक लागून आली. मी प्रत्येक वळणाला वाट बघत होतो, पाय ब्रेकच्या वर तयार ठेवून. एक गेलं, दोन गेली, पाच-सहा गेली. ती काही बोलेना. मग शेजारून डबा उघडल्याचा आवाज आला. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. तिने हँडल सोडलं होतं. मांडीवर भडंगाचा डबा होता आणि ती तोंडात एकेक शेंगदाणा टाकत, खालच्या नदीकडे बघत होती. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

पुढचं वळण आलं, आणि तिने डबा जरासा तिरका केला, सांडू नये म्हणून. एवढंच.

मी विचारलं, मला नाही का?

"हात तिथंच राहू देत," ती म्हणाली, आणि मूठभर भडंग माझ्या तोंडाशी आणलं. "आ करा."